घराविषयी लिहायचे राहून गेले



मराठी ख्रिस्ती साहित्यिकांच्या नागपूरच्या संमेलनाचे अध्यक्षपद 1933 साली लक्ष्मीबाई टिळकांनी भूषवले. त्यांच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्राचा पहिला भाग पुस्तकरूपाने आला तो त्यानंतर, 1934 साली. त्या बाईंच्या मागून अशा पीठावर उभे राहायचे तर बोलायचे काय, याचा मी पुष्कळ विचार केला. फादर स्टीफन्सच्या 1616 सालच्या ख्रिस्तपुराणापासून आजपर्यंतचा आढावा घेण्याची आपल्याकडे रीत आहे. तो इतिहास तुम्हाला माझ्याइतकाच ठाऊक आहे. मला आज आपल्या घरांविषयी बोलायचे आहे. माझे म्हणणे एवढेच आहे की, आपल्या साहित्याने घराविषयी खरे लिहिले तेव्हा ते सगळ्या महाराष्ट्राने आपले मानले, आणि आपण घराविषयी लिहायचे सोडले तेव्हापासून ते मंडळीच्या आवारात अडकून पडले.

लक्ष्मीबाईंचेच पाहा. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांचे पती नारायण वामन टिळक यांचा बाप्तिस्मा झाला. चरित्रकारांच्या दृष्टीने ती एका कवीच्या जीवनातली मोठी आध्यात्मिक घटना. पण त्या दिवशी एका बाईच्या संसाराचे काय झाले, हे आपल्याला कळते ते केवळ तिने लिहून ठेवले म्हणून. नवरा जिवंत, पण त्याच्याकडे जाता येत नाही. नातेवाईक मायेनेच तिला जपतात, पंढरपुरी नेऊन ठेवतात. पण त्या मायेतही एक पहारा आहे. पुढे ती मुलाला घेऊन नवऱ्याच्या गावी येते, तेव्हाही आपले सोवळे, आपली चूल वेगळी ठेवते. टिळक ते चालवून घेतात. बाप्तिस्मा घ्यायला ती 1900 साल उजाडेपर्यंत थांबली. मधल्या त्या वर्षांत एका घरात दोन धर्म कसे नांदले, कोण कशावर रुसले, कोणी कोणासाठी काय सोडले, हे तिने ज्या मोकळेपणाने सांगितले तसे आपल्या भाषेत क्वचितच कोणी सांगितले असेल. नवऱ्याचा तापटपणा तिने झाकला नाही. त्याचे दातृत्व घराला किती महागात पडे, तेही झाकले नाही. आणि तरी पुस्तक मिटताना वाचकाच्या मनात टिळकांविषयी आदरच उरतो. आदर राखायचा तर दोष लपवावेच लागतात असे नाही, याचा एवढा भक्कम पुरावा दुसरा कोणता हवा?

तिच्या वडिलांची हकीकत आठवा. सत्तावनच्या धामधुमीत त्यांच्या सासऱ्यांना फाशी झाली. त्या धक्क्यातून वडिलांना सोवळ्याचे वेड लागले. घरात येणारी वस्तू, मीठसुद्धा, धुऊन घ्यायची. त्या घरात वाढलेली मुलगी पुढे एके दिवशी विचार करते की, ही शिवाशीव माणसानेच केलेली आहे, आणि कोणाच्याही हातचे खायचे ठरवते. हा बदल एखाद्या प्रवचनाने झाला नाही. मीठ धुणाऱ्या घरापासून सुरू झालेली ती फार लांबची वाट होती आणि वाचक तिच्याबरोबर ती सगळी चालतो. विश्वासाविषयी याहून खरे लेखन मला माहीत नाही. म्हणूनच ज्यांनी कधी बायबल उघडले नाही अशा घरांतही ‘स्मृतिचित्रे’ आहे.

टिळकांचे घर एकटे नव्हते. धर्मांतराने इतकी घरे दुभंगली होती की सरकारला 1866 साली त्यासाठी वेगळा कायदा करावा लागला. एकाने ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि दुसऱ्याने त्या कारणास्तव एकत्र राहायला नकार दिला, तर विवाह रद्द व्हावा अशी त्यात सोय होती. मात्र न्यायाधीशाने पहिल्या नकारावर निकाल द्यायचा नव्हता. वर्षभर थांबायचे, मग त्या जोडीदाराला पुन्हा बोलावून पुन्हा विचारायचे, अशी त्यात तरतूद होती. ते वर्ष अशा एखाद्या बाईने कोठे काढले असेल? माहेरी तिला कोण काय म्हणाले असेल? दुसऱ्यांदा ‘नाही’ म्हणताना तिच्या मनात काय असेल? यावर एक कादंबरी उभी राहू शकते. दीडशे वर्षे होऊन गेली, ती आपल्यापैकी कोणी लिहिलेली नाही.

बाबा पदमनजींनी 1857 साली ‘यमुनापर्यटन’ लिहिले. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून आपण तिचा उल्लेख अभिमानाने करतो, पण तिचा विषय विधवांची दशा हा आहे, म्हणजे पुन्हा घरच, हे विसरतो. पंडिता रमाबाईंनी 1883 साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला आणि नंतर आपल्याला गुरुस्थानी असलेल्या धर्मभगिनींशी पत्रांतून कडाक्याचे वाद घातले. बाप्तिस्मा घेतला म्हणून आपला विवेक कोणाच्या हवाली केलेला नाही, हे त्यांनी ठणकावून सांगितले. शाकाहार सोडला नाही. मुलगी मनोरमा परकी होऊ नये, ती या देशाची राहावी, ही त्या आईची काळजी त्या पत्रांत सारखी दिसते. हीच काळजी आज कॅनडात किंवा आखातात मुले वाढवणाऱ्या आपल्या लेकीसुनांना आहे.

आता आजकडे येऊ. आपल्या नियतकालिकांचे नाताळ अंक मी दर वर्षी वाचते. चिंतने असतात, संतचरित्रे असतात, प्रवासवर्णने असतात, सणांच्या आठवणी असतात. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ‘सुवार्ता’ संपादित करताना वसईच्या हिरव्या पट्ट्यापासून गुंडगिरीपर्यंतचे प्रश्न त्यात आणले, हा आपला अलीकडचा मोठा वारसा. त्यांच्या ‘सुबोध बायबल’ला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, आणि 2020 साली उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले तेव्हा आपली मान उंचावली. चव्हाट्यावरचे बोलायला त्यांनी आपल्याला शिकवले. उंबऱ्याच्या आतले बोलायचे काम मात्र तसेच राहिले.

संध्याकाळच्या कुटुंबप्रार्थनेचा विषय घ्या. वसईकडच्या एका घरात मी काही दिवस राहिले होते. साडेसात वाजले की आजी रोजरीचे मणी हातात घेऊन वेदीसमोर बसत. नातू शेजारी बसे, पण ‘नमो मारिया’ त्याला मराठीतून म्हणता येत नसे; शाळेत तो ती इंग्रजीतून शिकलेला. आजी अर्धी प्रार्थना म्हणायच्या, उरलेली अर्धी तो आपल्या भाषेत पुरी करायचा. परदेशातला मुलगा मोबाइलवर असे. तिकडे सकाळ, त्याची कामावर जायची घाई, तो कानाला तारा लावून चालता चालता उत्तरे देई. चौथ्या रहस्याला हटकून फोन तुटायचा. आजी थांबायच्या, तो पुन्हा लागेपर्यंत मणी बोटांत तसाच धरून ठेवायच्या. कुटुंबप्रार्थना लोप पावत आहे असे आपण व्यासपीठांवरून सांगतो. मला त्या घरात ती लोप पावताना दिसली नाही. ती फार कष्टाने, मोडक्यातोडक्या रीतीने टिकवली जात होती आणि त्या कष्टांची दखल आपल्या एकाही कथेत मला आढळलेली नाही.

दुसरा विषय लग्नाचा. आपल्या मुलामुलींची लग्ने आता अन्य धर्मीयांशी होतात, आणि होत राहणार. कॅथलिक चर्चमध्ये असा विवाह लागायचा तर परवानगी लागते. कॅथलिक वधूला किंवा वराला आपला विश्वास जपण्याचे आणि मुलांचा बाप्तिस्मा व्हावा म्हणून आपल्याकडून होईल ते सर्व करण्याचे वचन द्यावे लागते. 1954 च्या विशेष विवाह कायद्याखाली नोंदणी करायची तर तीस दिवसांची नोटीस कचेरीत लागते, आणि आजच्या दिवसांत त्या नोटिशीचे काय काय होऊ शकते हे सांगायला नको. या दोन कागदांच्या मधे उभी असलेली तरुण माणसे आपल्या ओळखीची आहेत. त्यांच्याविषयी आपण जेवणाच्या पंगतीत कुजबुजतो, लिहीत मात्र नाही. एका घरात दोन धर्म नांदवण्याची पहिली मोठी हकीकत मराठीत आपल्याच बाईने लिहिली असताना आज या मुलांना वाचायला देण्यासारखे आपल्याकडे काय आहे?

आणि तुटलेले संसार? 1869 च्या कायद्याखाली ख्रिस्ती बाईला घटस्फोट हवा असेल तर केवळ छळ पुरत नसे. छळाच्या किंवा त्यागाच्या जोडीला नवऱ्याचा व्यभिचारही सिद्ध करावा लागे. नवऱ्याला मात्र बायकोचा व्यभिचार तेवढा पुरे. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने 1997 साली हा भेद घटनाबाह्य ठरवला आणि 2001 साली संसदेने कायदा बदलला. तोवर सव्वाशे वर्षांहून अधिक काळ आपल्या आयाबहिणी मार खात नांदल्या आणि रविवारी पदर सावरून उपासनेला येऊन बसल्या. त्यांची एक ओळ आपल्या साहित्यात नाही. विवाहाच्या पावित्र्यावर माझी पूर्ण श्रद्धा आहे, आणि म्हणूनच हे मौन मला सहन होत नाही.

नगर, जालना, मराठवाडा या भागांतून आलेल्यांना आणखी एक गोष्ट ठाऊक आहे. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या राहिल्या. 1956 साली त्या शीख बांधवांना आणि 1990 साली बौद्ध बांधवांना मिळाल्या. दलित ख्रिस्ती बाहेरच आहेत. परिणाम घरात दिसतो. एका भावाच्या दाखल्यावर एक धर्म, दुसऱ्याच्या दाखल्यावर दुसरा, आणि दोघे रविवारी एकाच बाकावर. बाप पोराला शिकवतो की शाळेत काय सांगायचे आणि मंडळीत काय. हा अन्याय राज्यव्यवस्थेचा आहे आणि त्याविरुद्ध लढलेच पाहिजे. पण लग्न जमवताना ‘मूळचे कोण?’ असा प्रश्न आपणच हळूच विचारतो, तो काही राष्ट्रपतींच्या आदेशात नाही. प्रभुभोजनाला एका प्याल्याशी येणारी घरे सोयरिकीला मागे सरतात. दलित साहित्याने मराठीला हादरवून सोडले तेव्हा आपल्या वस्त्यांमधून किती आत्मकथने आली? फारच थोडी.

मला ठाऊक आहे, यावर काय म्हटले जाईल. आपण अल्पसंख्य आहोत, दिवस बरे नाहीत, प्रार्थनासभांवर हल्ले होतात. अशा वेळी घरातले बाहेर का काढायचे? ही भीती मी हलकी मानत नाही. ती ज्यांनी भोगली त्यांच्यासमोर मी उभी आहे. पण 1895 चे दिवस तरी कुठे बरे होते? टिळक दांपत्याला नातलगांनी आणि गावाने काय ऐकवले नाही? तरीही शेजाऱ्यांच्या मनातला दुरावा ओसरला तो आपण निर्दोष आहोत असे लिहिल्याने ओसरला नाही. एका ख्रिस्ती बाईच्या घरातले रडणे-हसणे आपल्या घरातल्यासारखेच आहे, हे वाचून ओसरला. आणि शुभवर्तमानाकडे पाहा. प्रभूची वंशावळी मत्तयाने दिली तीत तामार आहे, राहाब आहे, उरीयाची बायको आहे. यांच्या घरच्या गोष्टी झाकाव्याशा वाटतील अशा आहेत, तरी मत्तयाने त्यांना गाळले नाही.

म्हणून माझ्या काही मागण्या आहेत. आपल्या मासिकांनी वर्षातला एक अंक कौटुंबिक आत्मकथनासाठी राखावा. त्याचे संपादन प्रापंचिक माणसांकडे, त्यातही बायकांकडे असावे. धर्माधिकाऱ्यांनी त्या अंकाचे वाचक व्हावे, परीक्षक होऊ नये. लेखिकेला नाव झाकायचे असेल तर झाकू द्यावे. मानधन द्यावे, मग ते थोडे का असेना. वसईच्या कादोडी बोलीत किंवा नगरी बोलीत आलेले लेखन प्रमाण भाषेत ‘सुधारून’ घेऊ नये. मंडळ्यांच्या कपाटांतल्या जुन्या विवाहनोंदी, पत्रे, वह्या वाळवीच्या तोंडी जात आहेत. त्यांची छायाचित्रे काढून ठेवण्याचे काम तरुणांनी या उन्हाळ्याच्या सुटीत सुरू करावे. आणि पुढच्या संमेलनात निबंधवाचनाच्या परिसंवादांपैकी एक कमी करून तो वेळ अशा लेखनाच्या वाचनाला द्यावा, असा ठराव उद्याच्या खुल्या अधिवेशनात मी स्वतः मांडणार आहे. त्याला अनुमोदन द्यायला आज रात्रीच कोणी पुढे यावे.