महासत्तेचा तराजू



२२ एप्रिल २०२५ रोजी पहलगाम येथे २६ निरपराधांची हत्या झाली. त्यांतील तिघे आपल्या डोंबिवलीचे. दुसऱ्या दिवशी भागशाळा मैदानावर लोटलेला शोकाकुल समुदाय आपण विसरलेलो नाही.

त्यानंतरचे अमेरिकेचे वर्तन आठवा. १८ जूनला पाकिस्तानचे लष्करप्रमुख असीम मुनीर यांना व्हाइट हाऊसमध्ये मेजवानी मिळाली. १७ जुलैला त्याच अमेरिकेने ‘द रेझिस्टन्स फ्रंट’ ही दहशतवादी संघटना म्हणून घोषित केली. आणि ऑगस्टमध्ये बहुतांश भारतीय मालावर ५० टक्के आयातशुल्क लादले.

अनेकांना यात विसंगती दिसते. इतिहास मात्र निराळे सांगतो. १९५४ मध्ये सोव्हिएत संघाला शह देण्यासाठी अमेरिकेने पाकिस्तानशी लष्करी करार केला. १९७१ च्या युद्धात तिची ‘एंटरप्राइझ’ ही विमानवाहू नौका बंगालच्या उपसागरात आली. परंतु अफगाणिस्तानातून सोव्हिएत फौजा परतल्या आणि १९९० मध्ये, अणुकार्यक्रमावर बोट ठेवून, त्याच पाकिस्तानची मदत थांबली. गरज सरली, वैद्य मेला!

ठाणे-कल्याण परिसरातील कितीतरी घरांतील मुले अमेरिकेत आहेत. तिच्याविषयी द्वेष नको, तसा भाबडेपणाही नको. १९९८ च्या पोखरण चाचण्यांनंतर निर्बंध लादणाऱ्या अमेरिकेनेच २००८ मध्ये आपल्याशी अणुकरार केला. याचना करून नव्हे, सामर्थ्य सिद्ध करूनच तो सन्मान मिळाला. तराजू त्यांच्या हाती असेल. आपल्या पारड्यातील वजन आपणच वाढवायचे आहे.