प्रतिकारशक्ती वाढवायची, पण कधी?

अपेंडिक्स फुटलं किंवा आतड्याला भोक पडलं, की आतड्यातले जंतू पोटाच्या पोकळीत पसरतात. ऑपरेशन करून भोक बुजवायचं, पोट धुऊन काढायचं, अँटिबायोटिक द्यायचं, हा उपचार ठरलेला. तरीही काही रुग्ण सेप्सिसने, म्हणजे जंतुसंसर्गामुळे अवयव निकामी होऊन, दगावतात. त्यांच्या प्रतिकारशक्तीला औषधाने बळ देता येईल का? हा शोध बराचसा उंदरांवर चालतो.

प्रयोगाची नेहमीची पद्धत १९८०ची. प्राण्याला भूल देऊन उंडुक, म्हणजे मोठ्या आतड्याच्या सुरुवातीची पिशवी, बांधतात आणि सुईने तिला भोक पाडतात. सुई जाड, तर आजार गंभीर.

त्या काळी समज असा होता, की सेप्सिसमध्ये प्रतिकारशक्ती बेफाम होते आणि तिला आवर घालायला हवा. १९८७मध्ये शिरेतून जंतू दिलेले बबून जातीचे वानर वाचलेही. त्यांचं टीएनएफ हे दाह भडकवणारं प्रथिन आधीच रोखलं होतं. पण १९९०मध्ये उंडुकाला भोक पाडलेल्या उंदरांमध्ये तेच प्रथिन रोखलं, तर एरवी जगले असते असे उंदीरही मेले. रक्तात एकाएकी जंतू शिरले, तर दाहाचा भडकाच जीव घेतो. पोटात जंतूंचा साठा असेल, तर त्याला आवरायला तोच दाह लागतो.

मग संशोधक उलट बाजूने विचार करू लागले. सेप्सिसमध्ये लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशी मोठ्या संख्येने मरतात. त्यांना जगवणारं प्रथिन म्हणजे इंटरल्युकिन-७. अमेरिकेत सेंट लुइसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या रिचर्ड हॉचकिस यांच्या गटाने ते उंदरांना दिलं. २०१०च्या त्यांच्या अहवालानुसार पेशी टिकल्या आणि जास्त उंदीर जगले. २०१८मध्ये याच प्रथिनाच्या २७ रुग्णांवरच्या चाचणीचे निष्कर्ष आले. लिम्फोसाइट तिपटी-चौपटीने वाढले, पण जीव वाचतात का, हे एवढ्या लहान चाचणीतून ठरत नाही.

शिवाय प्रयोगातला उंदीर बहुधा तरुण, स्वच्छ पिंजऱ्यात वाढलेला. औषधही त्याला वेळ ठरवून मिळतं. आपला रुग्ण अनेकदा वयस्कर, मधुमेही, दुखणं अंगावर काढून आलेला.

तेव्हा ‘प्रतिकारशक्ती वाढवणारं’ असं काही कानावर आलं, तर विचारा: कोणत्या पेशींची, आणि आजाराच्या कोणत्या टप्प्यावर? आणि पोट कडक होऊन असह्य दुखत असेल, तर घरगुती काढ्यात वेळ न घालवता थेट रुग्णालय गाठा.