देवळालीच्या मास्तरांचा आकडा

श्रोतेहो, कागद-पेन्सिल घ्या. चार अंकी कोणतीही संख्या लिहा, फक्त चारही अंक सारखे नकोत. समजा, २९१६. तिचे अंक उतरत्या क्रमाने मांडले की ९६२१, चढत्या क्रमाने १२६९. वजाबाकी ८३५२. पुन्हा तसंच करा: ८५३२ वजा २३५८, उत्तर ६१७४. आता ७६४१ मधून १४६७ वजा करा. पुन्हा ६१७४! संख्या कोणतीही घ्या, फार तर सात वजाबाक्यांत इथंच पोहोचाल. मात्र उत्तर ९९९ आलं तर ते ०९९९ असं लिहायचं.

हा शोध आपल्या नाशिकजवळच्या देवळालीतल्या एका शाळामास्तरांचा, दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचा. जन्म १९०५, डहाणूचा. मोठी पदवी नाही, विद्यापीठाची खुर्ची नाही. संख्यांशी खेळण्याचा निखळ आनंद तेवढा होता. डेम्लो संख्या, हर्षद संख्या त्यांच्याच. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी अमेरिकेतल्या आपल्या सदरात त्यांच्यावर लिहिलं आणि त्यांचं नाव जगभर गेलं. माझ्या मते, नाशिकच्या प्रत्येक शाळेत हा खेळ मुलांना दाखवायलाच हवा.

आज घरी मुलांबरोबर तीन अंकी संख्या घेऊन बघा. तिथं ४९५ भेटेल.