न मोजलेलं पोतं आणि काळे चौकोन

मागच्या भागानंतर बऱ्याच जणांनी विचारलं, शेडर कंपायलरमधला बग नेमका असतो कसा? तर आज एकच बग घेऊ.

शेडर म्हणजे पडद्यावरच्या प्रत्येक ठिपक्याचा रंग ठरवणारा छोटा प्रोग्रॅम. 1920 गुणिले 1080 चा पडदा, सेकंदाला 60 चित्रं, म्हणजे सेकंदाला बारा कोटींहून जास्त वेळा तो चालतो. म्हणून कंपायलर एकेक सूचना वाचवायला बघतो.

मी ज्या कंपायलरवर काम करतो, त्यात एक तक्रार आली. एका दृश्यात काळे चौकोन दिसतात, ऑप्टिमायझेशन बंद केलं की गायब. मी निम्मे पास बंद केले, मग उरलेल्यातले निम्मे, असं करत बीजगणिती सोपेपणाच्या पासपर्यंत आलो. तिथला नियम असा: ‘अ हा ब पेक्षा मोठा, हे खरं नाही’ असं दिसलं की ‘अ हा ब इतका किंवा लहान’ असं लिही. एक सूचना वाचली! शाळेतल्या गणितात बरोबरच आहे की.

आता आमच्या केनवडचं उदाहरण देतो. सोयाबीनचा ओलावा 12 टक्क्यांच्या आत हवा. हमालाला सांगितलं, ‘आत आहे हे कळलं नाही ते पोतं बाजूला ठेव.’ दुसऱ्याला सांगितलं, ‘12 च्या वर आहे ते बाजूला ठेव.’ सारखंच वाटतं ना? पण एक पोतं मोजलंच नसेल तर? पहिला ते अडवतो, दुसरा गाडीत चढवतो.

ते न मोजलेलं पोतं म्हणजे नॅन. शून्य भागिले शून्य केलं की मिळतं ते. नॅनशी केलेली लहान-मोठ्याची कुठलीही तुलना खोटीच निघते. शेडर लिहिणाऱ्यानं नॅन अडवायलाच उलटी अट घातली होती. आमच्या पासनं ती सुलटी केली, नॅन आत शिरला, आणि पुढच्या धूसर करण्याच्या टप्प्यात आजूबाजूचे ठिपकेही काळे झाले.

यावर वाद झाला, आणि तो रास्त होता. ग्राफिक्सच्या नियमांत नॅन पाळायची सक्ती सरसकट नाही. पण या शेडरनं नॅन जपा असं स्पष्ट मागितलं होतं, व्हल्कनच्या 1.2 आवृत्तीपासून तशी सोय गाभ्यातच आहे. मग खूण गेली कुठे? खूण होती आतल्या तुलनेवर. पास बघत होता फक्त बाहेरच्या ‘नाही’वर, आणि ती क्रिया खऱ्या-खोट्याची, तिला अपूर्णांकांची खूण असणारच कशी!

नियम काढून टाका, असंही कुणी म्हणालं. मला ते पटलं नाही, बाकीच्या शेडरांनी दंड का भरावा? मेसा या जुन्या मुक्त प्रकल्पात अशा नियमांपुढे ~ चिन्ह असतं: नेमकेपणा मागितला असेल तर हा लावू नये. आम्हीही जुळलेल्या सगळ्या सूचनांच्या खुणा तपासायला लावल्या. बदल सहा ओळींचा, चाचणी मात्र चाळीस ओळींची. त्याच चाचणीत शेजारचा आणखी एक नियम पडला, शून्यानं गुणलं की शून्य मानणारा. तो पुढच्या भागात.