प्रयोगशाळेला पैसा कोण देणार?



घणसोली गावाच्या एका अंगाला ठाण्याची खाडी आहे आणि दुसऱ्या अंगाला ठाणे-बेलापूर रस्ता. रस्त्यापलीकडे एमआयडीसीचा कारखान्यांचा पट्टा आहे, मोठमोठ्या कंपन्यांची कार्यालये आहेत. ज्या आगरी-कोळी कुटुंबांच्या जमिनी आधी एमआयडीसीला आणि मग सिडकोला गेल्या, त्यांची मुले आता बी.एस्सी., एम.एस्सी. करतात. खाडीतला जिताडा का कमी झाला, निवट्या कुठे गेल्या, हे प्रश्न ती घरात आजोबांच्या तोंडून ऐकत आली आहेत. यांतल्या एखाद्या मुलीला उद्या याच प्रश्नावर संशोधन करायचे ठरवले, तर पैसा कुठून येईल? आज आपण याविषयी बोलणार आहोत.

“पैसाच नाही” हे उत्तर आपल्याकडे फार लवकर दिले जाते. ते पुरते खरे नाही. 12 मार्च 1944 रोजी होमी भाभांनी सर दोराबजी टाटा ट्रस्टचे अध्यक्ष सर सोराबजी सकलातवाला यांना एक पत्र लिहिले. त्यांना मूलभूत भौतिकशास्त्राच्या संशोधनासाठी संस्था काढायची होती. भाभांचा युक्तिवाद साधा होता. काही दशकांनी अणुशक्तीपासून वीज निर्माण होऊ लागेल, तेव्हा भारताला तज्ज्ञांसाठी परदेशाकडे पाहावे लागू नये. पहिला अणुबॉम्ब पडायला अजून वर्षाहून अधिक अवकाश होता, हे लक्षात घ्या! ट्रस्टने होकार दिला, मुंबई सरकारही पुढे आले, आणि 1 जून 1945 रोजी टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे काम बंगळूरला सुरू झाले. त्याच वर्षी ती मुंबईत आली. पुढे मुख्य भार केंद्र सरकारने उचलला.

असेच पुन्हा एकदा घडले. घणसोलीहून निघून वाशीला गाडी बदलली की खाडीपलीकडचे पहिले स्थानक मानखुर्द. तिथे होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे. 1974 मध्ये हे केंद्र सुरू झाले तेही याच ट्रस्टच्या मदतीवर, आणि नंतर अणुऊर्जा विभागाने ते सांभाळले. सुरुवातीचे धाडस खाजगी पैशाने करायचे आणि रोजचा संसार सरकारने चालवायचा, अशी ही वाटणी होती.

आता ही वाटणी उलटू पाहते आहे. 2023 च्या कायद्याने ‘अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन’ स्थापन झाले. पाच वर्षांचे उद्दिष्ट 50,000 कोटी रुपयांचे. त्यांपैकी 14,000 कोटी सरकारचे आणि उरलेले 36,000 कोटी उद्योग, दानशूर व्यक्ती आणि इतर स्रोतांतून यावेत अशी अपेक्षा. अपेक्षा चांगली आहे, पण उद्योगांचा पैसा आपण होऊन महाविद्यालयाचा जिना चढत नाही. मागणाऱ्याला कायदा ठाऊक हवा.

2013 च्या कंपनी कायद्यानुसार ठरावीक आकाराच्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामांवर खर्च करावे लागतात. ‘सीएसआर’ म्हणतात तो हाच पैसा. शिक्षण त्या यादीत पहिल्यापासून होते. 2019 मध्ये सरकारी निधीवर चालणाऱ्या विद्यापीठांमधल्या विज्ञान-तंत्रज्ञान संशोधनाचाही त्यात समावेश झाला. म्हणून छोट्या महाविद्यालयाने मुंबई विद्यापीठाचा एखादा विभाग बरोबर घेऊन प्रस्ताव करावा, हे शहाणपणाचे. याच कायद्यात आणखी एक वाक्य आहे: कंपनीने आपल्या कामकाजाच्या परिसराला प्राधान्य द्यावे. यात सक्ती नाही, पण अर्जात हे वाक्य उद्धृत करायला कोणाची आडकाठी नाही!

मात्र मागायचे काय? इथे आपण चुकतो. देणगीदाराला पाटी लावता येईल असे काहीतरी हवे असते, आणि आपणही इमारत किंवा यंत्र मागून मोकळे होतो. महागडे यंत्र येते, उद्घाटन होते, पेढे वाटले जातात. दोन वर्षांनी त्याचा एक भाग बिघडतो, दुरुस्तीला तरतूद नसते, आणि यंत्रावर प्लॅस्टिकचे आच्छादन चढते ते कायमचे. खाडीच्या अभ्यासाला खरी गरज माणसाची असते. केंद्राच्या प्रकल्पांत कनिष्ठ संशोधकाला 2023 पासून दरमहा 37,000 रुपये आणि वर घरभाडे मिळते. त्या मुलीला एवढे मिळाले तर ती नोकरी शोधत न फिरता भरती-ओहोटीच्या वेळा सांभाळून पाण्याचे नमुने गोळा करील. शिवाय रसायने, होडीचे भाडे, दुरुस्ती. या रकमांवर पाटी लागत नाही, म्हणून त्या अंदाजपत्रकात ठळक लिहाव्यात.

दुसरी गोष्ट हिशेबाची. सरकारी अनुदान हप्त्याने येते, आणि आधीच्या खर्चाचे उपयोगिता प्रमाणपत्र गेल्याशिवाय पुढचा हप्ता सुटत नाही. प्राध्यापकाने प्रयोग करावा की पावत्या चिकटवाव्यात? चार महाविद्यालयांनी मिळून एक जाणता लेखापाल नेमला, तरी कितीतरी प्रकल्प वाचतील.

खाडीच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. आपल्यासमोरची खाडी 2015 पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे आणि 2022 पासून रामसर यादीत आहे. पण तिचा अभ्यास एका मार्चमध्ये संपत नाही. निदान दोन-तीन पावसाळे पाहावे लागतात. सीएसआरच्या नियमांत अशा चालू प्रकल्पांना सुरुवातीचे वर्ष सोडून आणखी तीन वर्षांची मुभा आहे, मात्र तसे आधी मंजूर करून घ्यावे लागते. कंपनीचे संचालक मंडळ वर्षाचा आराखडा आगाऊ ठरवते. म्हणून उरलेले पैसे मागायला मार्चअखेरीस धावण्यापेक्षा दिवाळीनंतर लगेच दोन पानांचा प्रस्ताव घेऊन जावे. त्यात पहिल्याच ओळीत प्रश्न असावा: घणसोलीच्या खाडीतले मासे कशामुळे कमी झाले, आणि हे शोधायला किती माणसे, किती महिने लागतील.