अध्यक्षीय भाषण : मधुमेहाच्या केसपेपरावरचा रक्तदाब

टाइप दोन मधुमेह असलेल्या निम्म्याहून अधिक लोकांना उच्च रक्तदाबही असतो, आणि हा योगायोग नाही. शरीर इन्सुलिनला दाद देईनासे झाले की रक्तातले इन्सुलिन वाढते आणि मूत्रपिंड मीठ धरून ठेवू लागते. त्यात पोटावरच्या चरबीची आणि ताठरलेल्या रक्तवाहिन्यांची भर पडते. पुढे मूत्रपिंडच बिघडले की दाब चढतो आणि चढलेला दाब मूत्रपिंड आणखी बिघडवतो.

रुग्णाच्या तोंडी मात्र शुगरच असते. उपाशीपोटीची किती, जेवणानंतरची किती, हे आकडे पाठ. बीपीबद्दल ‘काही त्रास नाही’ एवढेच उत्तर. वास्तविक ब्रिटनमधल्या यूकेपीडीएस अभ्यासाने 1998 मध्येच हिशेब मांडला होता. 1148 मधुमेहींपैकी एका गटाचा सरासरी दाब 144/82 वर आला, दुसऱ्याचा 154/87 राहिला. एवढ्या फरकाने पहिल्या गटात पक्षाघात 44 टक्क्यांनी आणि मधुमेहाशी निगडित मृत्यू 32 टक्क्यांनी घटले. त्याच अभ्यासात केवळ साखर काटेकोर ठेवून पक्षाघातात अशी घट दिसली नव्हती. आज सर्वसाधारण लक्ष्य 130/80 च्या खाली मानले जाते. वृद्धांत ते थोडे सैल ठेवणेच शहाणपणाचे.

दाब उतरवायचा तर मीठ कमी करावे लागते, आणि कोकणात मिठाचा प्रश्न आगोटीच्या, म्हणजे पावसाळ्यासाठी केलेल्या, बेगमीपाशी येतो. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, तेव्हा ताटात सुकी मासळी, खारातल्या कैऱ्या आणि गरे, पेजेबरोबर लोणचे-पापड येतात. जागतिक आरोग्य संघटनेची मिठाची मर्यादा दिवसाला 5 ग्रॅमहून कमी, म्हणजे जेमतेम चहाचा एक सपाट चमचा. सुकी मासळी सगळी सारखी नसते : बोंबील बहुधा उन्हावाऱ्यावर वाळतो, खारा बांगडा मिठातच मुरतो. ‘सुके बंद’ असा सरसकट हुकूम कोणी पाळत नाही. बांगडा भिजवून पाणी फेकायला सांगितले तर घर ऐकते. सैंधवाने काहीही साधत नाही, तेही मीठच.

लघवीत अल्ब्युमिन जात असेल तर रामिप्रिल किंवा टेल्मिसार्टनसारख्या गटातले औषध आधी द्यावे. गर्भवतीला ते चालत नाही. सुरू केल्यावर दोन-तीन आठवड्यांत क्रिएटिनिन आणि पोटॅशियम तपासावे लागते. मूत्रपिंड अशक्त झालेल्याने अशा वेळी रोज शहाळे पिणे किंवा पोटॅशियमयुक्त ‘कमी सोडियमचे मीठ’ वापरणे धोक्याचे ठरते. बहुतेकांना एका गोळीवर भागत नाही, हे पहिल्याच भेटीत सांगितलेले बरे.

जुन्या मधुमेहात मज्जातंतू दुखावतात आणि उभे राहताच दाब कोसळतो. बसून 150 असलेला माणूस पहाटे उठताना 110 वर येऊन पडतो. म्हणून पाच मिनिटे बसवून, दंडाला बसेल असा पट्टा लावून मोजावे आणि मग उभे करून पुन्हा मोजावे.

1981 पर्यंत रत्नागिरीचाच भाग असलेला सिंधुदुर्ग 2017 मध्ये सुरू झालेल्या भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमात आहे. ठरलेली मोजकी औषधे, महिन्याच्या गोळ्या एकदम आणि घराजवळच्या केंद्रात तपासणी, एवढीच त्याची रीत. रत्नागिरीतल्या प्रत्येक दवाखान्याने मधुमेहीच्या केसपेपरावर शुगरशेजारी बसलेला आणि उभा, असे बीपीचे दोन्ही आकडे लिहायला सुरुवात करावी.