घाटाचा उतार, फळीचा उतार



धारूरच्या घाटातून मालाने भरलेली ट्रक उतरते, तेव्हा तिला आवरून धरते ते घर्षण. ते मोजता येते.

एक मीटर लांबीच्या फळीचे एक टोक ६० सेंटीमीटर उचला. वरून एक किलोचा लाकडी ठोकळा अलगद सोडा. त्याला खाली ओढणारे बल १ × ९.८ × ०.६, म्हणजे ५.८८ न्यूटन. समजा, तो १ सेकंदात तळाशी आला. अंतराच्या दुपटीस वेळेच्या वर्गाने भागल्यास त्वरण २ येते. म्हणजे वेग वाढविण्यात २ न्यूटन खर्ची पडले; उरलेले ३.८८ न्यूटन हे घर्षण.

आता ठोकळ्यावर आणखी एक किलो ठेवा. ओढ दुप्पट, घर्षणही दुप्पट. वेळ जवळजवळ तोच लागेल. मग गाडीत जादा माल भरणे धोक्याचे का? कारण ब्रेकचा जोर मालाबरोबर आपोआप वाढत नाही. उलट ब्रेक तापला की त्याची पकड कमी होते. म्हणूनच जाणता ड्रायव्हर घाट खालच्या गिअरमध्ये उतरतो.

पालकहो, एक फळी आणि एक घड्याळ मुलांना द्या, मुलींनाही द्या. दहा वेळा मोजून सरासरी त्यांनाच काढू द्या.